दिशाचा पेपर सुटेपर्यंत

कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, हा नलिनीकाकींचा रोजचा नेम होता. कुकर गॅसवर चढला की त्या तिथून हलत नसत. आतली वाफ गुरगुरायला लागली, शिट्टी थरथरली, की चमच्याच्या टोकाने ती जराशी उचलायची, वाफ हळूच सोडून द्यायची आणि पुन्हा खाली ठेवायची. असं चार-पाचदा करून भात व्हायचा, डाळ मात्र कधीकधी कच्ची राहायची. सुबोधकाका ताटातली डाळ बोटाने चिवडत बसले की काकी म्हणायच्या, दात देवाने कशाला दिलेत, चावा जरा.

कारण पडद्यापलीकडे त्यांची मुलगी दिशा अभ्यासाला बसलेली असायची.

दहिसरला नदीच्या अंगाला आमची चाळ होती. तिच्या जागी आता सात मजल्यांची इमारत आहे, पण ती चाळच उभी करून ठेवल्यासारखी. लांबच लांब बोळ, समोरासमोर दारं, कुणाकडे काय शिजतंय ते सगळ्यांना ठाऊक. काकींचं घर आमच्या शेजारचं. कणकवलीकडच्या एका गावातून लग्न होऊन त्या इथे आल्या, तेव्हा त्यांची बारावीची परीक्षा महिन्यावर होती. ती राहिली ती राहिलीच. सासरे गिरणीत होते. सुबोधकाका औषधांच्या गोदामात कामाला. काकी घरी साड्यांना फॉल लावून द्यायच्या.

दिशाने डॉक्टर व्हायचं म्हणून अकरावीत नीटचा क्लास लावला आणि काकींनी शिलाई मशीनवर चादर घालून ते भिंतीला सरकवलं. मशीन खडखडतं. मग फॉल हाताने. टीव्ही आवाज बंद करून बघायचा. पाहुण्यांना फोनवरच सांगायचं, यंदा येऊ नका, आमच्याकडे बारावी आहे. जसं एखाद्याकडे लग्न असतं किंवा आजारपण असतं, तशी त्यांच्याकडे बारावी होती.

मजल्यावर मासे घेऊन येणाऱ्या शेवंतीबाईलाही त्यांनी सोडलं नाही. आरोळी मारू नको, नुसती कडी वाजव, असं त्यांनी तिला बजावलं. शेवंतीबाई पाटी खाली ठेवून म्हणाली, "गप बसून म्हावरा इकू? मंग मेलेल्या बोंबलात नं माझ्यात फरक काय गो बाय?"

"बोंबील उधारी मागत नाहीत, एवढाच," काकी म्हणाल्या. बोळातल्या सगळ्या बायका हसल्या. त्या दिवसापासून शेवंतीबाई कडी वाजवायला लागली.

दिशा मुळात हसरी, बडबडी पोर. त्या दोन वर्षांत ती आमच्या डोळ्यांसमोर आटत गेली. दर रविवारी क्लासची सराव परीक्षा, आणि संध्याकाळी ग्रुपवर सगळ्यांचे क्रमांक. क्रमांक खाली गेला की ती जेवायची नाही, वर गेला की पुढच्या रविवारी तो टिकेल का म्हणून जेवायची नाही. तिच्या तळहातांना इतका घाम यायचा की उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे करताना ती हाताखाली रुमाल ठेवायची. केस गळायचे. न्हाणीच्या जाळीत अडकलेला गुंता काकी तिच्या नजरेला पडायच्या आत उचलून कागदात गुंडाळायच्या. दिशाला वाटायचं केस गळायचे कमी झालेत.

पहिल्या खेपेला परीक्षेच्या आठवडाभर आधी गावाला दिशाचे आजोबा गेले. सगळे रातोरात गेले, दिशाही गेली. परत आली ती पेपरलाच बसली. सरकारी कॉलेजच्या कुठल्याच यादीत तिचं नाव लागलं नाही. कमी पडलेले मार्क आजोबांच्या नावावर लिहिले गेले. सुबोधकाकांचे थोरले भाऊ गुणाजीकाका कांदिवलीहून यायचे, ते तर आल्या-गेल्याला सांगायचे, पोरगी हुशार आहे हो, पण म्हाताऱ्याने वेळ साधली नाही. दिशाने मान खाली घालून एक वर्ष घरी बसून पुन्हा परीक्षा द्यायचं ठरवलं. आणि काकींनी मनात काय ठरवलं ते आम्हाला पुढे कळलं. यावेळी परीक्षेआधी घरात काहीही होता कामा नये.

त्या वर्षी गणपतीलाही त्या गावाला गेल्या नाहीत. कोकणातल्या माणसाने गणपतीला गावी न जाणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळतं. सुबोधकाका एकटे गेले. आरतीच्या वेळी काकी बोळाच्या टोकाला उभं राहून फोन खांद्याने कानाशी दाबून गावची आरती ऐकत होत्या. टाळी वाजवत होत्या, पण हातावर हात न आपटता.

दिवाळीच्या सुमारास त्यांचं पोट दुखायला लागलं. इस्पितळात दाखवलं, तर पोटात गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी लवकर ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगितलं. काकींनी विचारलं, मे महिन्यात केलं तर? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतकं थांबू नका. घरी येताना काकींनी सुबोधकाकांना सांगितलं की पेपर मे महिन्यात आहे, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन पलंगावर आडवी होते. आता ऑपरेशन केलं तर पोरगी माझ्या उशाशी बसेल की पुस्तकापाशी? तिचं आणखी एक वर्ष माझ्या नावावर नको. सुबोधकाका वाद घालणारे नव्हते. आणि खरं सांगायचं तर त्यांनाही ते पटलं. आम्हा सगळ्यांनाच पटलं होतं. बारावीच्या घराचे नियम असतात.

मग त्या दुखणं कपड्यांनी झाकायला लागल्या. पोट सुटलं तसे सैल गाऊन शिवले. शेवंतीबाईने एकदा निरखून पाहिलं आणि म्हणाली, नलिनी, या वयात पाळणा का काय? काकी म्हणाल्या, हो ना, यालाही डॉक्टरच करते. हसताना त्यांनी दाराची चौकट धरली होती.

एप्रिलच्या मध्याला त्या न्हाणीत पडल्या. दिशा क्लासला होती. इस्पितळात दाखल व्हायलाच हवं म्हटल्यावर त्यांनी आधी घरी येऊन दोन दिवसांची पोळी-भाजी करून ठेवली. दिशाला सांगायचं काय, ते रिक्षातच ठरलं होतं. गावाला वहिनीचा पाय मोडलाय, घरात करणारं कुणी नाही, मी जाऊन येते. दिशा भडकली. म्हणाली, माझी परीक्षा तोंडावर आणि तुला आत्ताच गाव सुचतं. काकी पिशवी भरत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं. पिशवीत सगळ्यात खाली इस्पितळाची फाईल होती, वर वहिनीसाठी म्हणून एक साडी.

निघण्याआधी त्यांनी सुबोधकाकांना बोळात बोलावून घेतलं आणि त्यांना दिशाची शपथ घ्यायला लावली. आमचं दार उघडं होतं, म्हणून ते ऐकू आलं.

"पेपर सुटेपर्यंत तिला काही सांगायचं नाही. मी मेले तरी नाही. घ्या शपथ."

"काहीतरी बोलू नको गं."

"घ्या आधी."

सुबोधकाकांनी शपथ घेतली. पोरीची शपथ मोडली तर पोरीला लागते, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं.

इस्पितळातून त्यांनी फोन केला नाही. वॉर्डातले आवाज ऐकू गेले असते, आणि त्यांना बोलताना धापही लागत होती. म्हणून गावाला बोलण्याइतकी रेंज नाही, मेसेज तेवढे जातात, असं ठरलं. त्या सांगायच्या आणि सुबोधकाका काकींच्या फोनवरून मेसेज लिहायचे. जेवलीस का. केसांना तेल लाव. वहिनी बरी आहे, उठून बसते. दिशा रात्री एका अक्षरात उत्तर द्यायची. ऑपरेशन झालं, पण शरीर तोवर फार थकलं होतं. नंतर काकींना बोलणं जमेना. सुबोधकाका वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून स्वतःच्या मनाने लिहायला लागले.

परीक्षा रविवारी होती. गुरुवारी दुपारी काकी गेल्या.

गुणाजीकाकांनी सगळं हातात घेतलं. घरी आणायचं नाही, इस्पितळातूनच स्मशानात न्यायचं. दिशा हल्ली संध्याकाळपर्यंत अभ्यासिकेत असते, तेवढ्या वेळात आटपायचं. आम्ही मजल्यावरचे दोघं-दोघं करून खाली उतरलो, जसं काही वेगवेगळ्या कामाला निघालो होतो. काकींच्या अंगावर तीच साडी होती, वहिनीसाठी म्हणून नेलेली. आदल्या दिवशी गावाहून आलेल्या त्यांच्या भावाला रडू आवरेना, तेव्हा गुणाजीकाका त्याला म्हणाले, तू कांदिवलीलाच रहा, दहिसरला येऊ नको, तुझा चेहरा बघून तिला कळेल.

सुबोधकाका भावाकडे आंघोळ करून घरी आले. येताना दिशासाठी वडापाव घेऊन आले. रात्री पडद्याच्या अलीकडे बसून त्यांनी काकींच्या फोनवरून मेसेज पाठवला. नीट झोप, जागरण करू नको. दिशाने उत्तर दिलं, हो. तू ये ना लवकर. ते त्यांनी वाचलं आणि फोन उशीखाली ठेवला. शुक्रवारी पाठवला. शनिवारीही पाठवला.

रविवारी सकाळी गुणाजीकाकांच्या बायको, मालनकाकी, दिशाच्या हातावर दही-साखर ठेवायला आल्या होत्या. दिशाने देवापुढे दिवा लावला. घरात सुतक. देवाला हात लावायचा नाही, दिवा लावायचा नाही. आणि ज्या पोरीला ते सर्वात आधी लागत होतं, ती देवापुढे डोळे मिटून उभी होती. मालनकाकी भिंतीकडे बघत राहिल्या. दिशाने विचारलं, "बाबा, तुम्ही नमस्कार नाही केलात?"

"माझी आंघोळ व्हायचीय," ते म्हणाले. त्यांच्या केसांतून पाणी गळत होतं.

पेपर सुटल्यावर ती गेटातून जवळजवळ धावत आली. कितीतरी महिन्यांनी तिचा चेहरा मोकळा दिसला, असं सुबोधकाका नंतर सांगत होते. ती म्हणाली, "बाबा, बायो झकास गेला. आईला लावा ना फोन, लागेल आता." ते म्हणाले, घरी जाऊन लावू. रिक्षात ती एकेक प्रश्न सांगत होती, आणि ते ऐकत होते. त्यांना वाटलं, रस्ता संपू नये.

घरी बोळात सगळे उभे होते. कुणी काही बोलायच्या आतच तिचं बोलणं थांबलं. सांगितलं गुणाजीकाकांनी. ती रडली नाही. दाराशीच बापाकडे वळून तिने एकच विचारलं.

"मग मेसेज कोण पाठवत होतं?"



दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. कावळे समोरच्या कठड्यावर बसलेले, पण एकही खाली उतरेना. काकींच्या भावाने हात जोडून सांगितलं, पोरीकडे लक्ष देईन. सुबोधकाकांनी सांगितलं. मालनकाकींनी सांगितलं. मग सगळ्यांच्या नजरा दिशाकडे वळल्या. आईची इच्छा कुठे अडकली आहे, याबद्दल तिथे कुणालाच शंका नव्हती. गुणाजीकाका तिच्याजवळ गेले आणि एरवी शहरात न बोलणारं गावचं बोलले.

"गो बाय, सांग आवशीक. मी डॉक्टर होतलंय म्हणान सांग. तेच्यासाठीच थांबलीहा ती."

दिशा पुढे झाली. पिंडासमोर उकिडवी बसली. आम्हाला वाटलं, सांगेल. ती हळू आवाजात म्हणाली, "मला आधी सांगायचं होतंस ना." आणि तिथेच बसून राहिली. गुणाजीकाकांनी पुन्हा सांगून पाहिलं. तिने मान हलवली नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला.

जूनमध्ये निकाल लागला. मार्क चांगले होते, सरकारी कॉलेज मिळण्याइतके. मजल्यावरच्या बायका पेढे घेऊन गेल्या आणि बॉक्स हातात धरून दारातच उभ्या राहिल्या. तोंड गोड करायचं ते कुणाचं, हे कुणाला कळेना. दिशाने कॉलेजांची पसंती भरताना मुंबईतलं एकही भरलं नाही. ती आता रत्नागिरीकडे शिकते. सुबोधकाका रोज फोन करतात. मेसेज करायचे नाहीत, फोनच करायचा, अशी तिची अट आहे. तीही फोन घेते, जेवले म्हणते, ठेवते. घरात आता कुकरच्या शिट्ट्या होतात. एकट्या माणसाच्या भातापुरत्या.

गेल्या सुट्टीत ती आमच्या दाराशी बसली होती. आई निघाली तो दिवस तिने आपणहून सांगितला. ती वेळ लावून सराव पेपर सोडवत होती. रागात होती, म्हणून उठली नाही, वळूनही पाहिलं नाही. आई पिशवी घेऊन पडद्याशी येऊन उभी राहिली, हे तिला कळलं होतं. आई काहीतरी मोठं बोलेल, नीट अभ्यास कर, घाबरू नको, असलं काहीतरी, आणि आपला वेळ जाईल, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. आई थोडा वेळ थांबली, जिन्यापर्यंत गेली, आणि तिथून आवाज आला, बोळात घुमू नये म्हणून दबका केलेला.

"दिशा, माझ्या घरातल्या चपला बाहेर राहिल्यात गं. आत घे. कुत्रं नेतं."