शिसपेन्सिलीतलं माझं नाव

औरादच्या दवाखान्यात टीबीची नोंदवही सांभाळणारे एक गृहस्थ आहेत. कानावर शिसपेन्सिल आणि तोंडात सगळ्यांसाठी ‘अण्णा’. उपचार चालू असलेल्यांची नावं ते पेन्सिलीनं लिहितात आणि बरं झाल्यावर पेनानं गिरवतात.

दोन महिन्यांत माझा खोकला थांबला, तेव्हा मी स्वतःलाच डॉक्टर नेमून गोळ्या सोडल्या. ते भेटले की सांगायचो, “आता उदगीरहून घेतो.” आमच्या सीमेवरचं हे जुनंच निमित्त. आमचं औराद कर्नाटकात, उदगीर पडलं महाराष्ट्रात, तिथं कोण बघायला जातंय!

हे खरंच उदगीरला गेले. तिथली वही बघून थेट माझ्या बियाण्याच्या दुकानात हजर.

“अण्णा, आमच्या वहीत तुमी उदगीरला. उदगीरच्या वहीत तुमचं नावच न्हाई. मग गोळ्या कोण खायलाय?”

“बरं वाटायलंय म्हणून...”

“आजार उलटला तर ह्या गोळ्या लागू पडायच्या न्हाईत. आन् ह्याच वह्या बघून मोठे डॉक्टर औषधं ठरवायलेत. गोळ्या खाऊनबी आजार उलटला, असंच त्यात दिसंल. कामून गोळीची बदनामी करायलाव?”

माझ्या आधी गल्ल्यावर बसलेली बायकोच उठली आणि मला दवाखान्यात घेऊन गेली. पुन्हा तपासणी, पुन्हा गोळ्या. रोज सकाळी हे दुकानासमोर उभे, मी गोळी गिळेपर्यंत.

परवा त्यांनी माझं नाव पेनानं गिरवलं, अगदी सावकाश. मग वही मिटून म्हणाले, “आता खुशाल जावा उदगीरला.”