डाव्या हाताची मूठ

वडगावच्या तम्मण्णांना हळू बोलता येत नसे. पस्तीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात साड्या विणून आवाज कायमचा चढलेला, आणि आवाज पोचत नाही तिथं हात बोलायचे. मूठ दोनदा छातीवर आपटली की माग बंद कर, लगेच. पूर्णिमा, त्यांची एकुलती पोर, या खुणा बोलायच्या आधी शिकली होती. पुढं ती बँकेत लागली आणि तिला आप्पांच्या हातवाऱ्यांची लाज वाटू लागली. शिकलेल्या पोरांना आईबाप जरा झाकूनच ठेवावेसे वाटतात, ती काही जगावेगळी नव्हती.

उजव्या खांद्याचा स्नायू फाटला म्हणून बेळगावात दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं. तीन बारीक भोकं आणि दोन दिवसांत घरी, असं डॉक्टर म्हणाले. पूर्णिमानं आप्पांना आधीच बजावलं, "तिथं हात नाचवायचे न्हाईत. लोक बघत्यात." आप्पांनी गुमान मान हलवली.

ऑपरेशन होऊन आप्पा खोलीत आले. थोड्या वेळानं तिचे मॅनेजर भेटायला आले. ते बोलत असतानाच आप्पांची डावी मूठ वर आली आणि छातीवर दोनदा आपटली. पूर्णिमानं पाहिलं, तिला अर्थही कळला. तरी साहेबांकडं बघून हसत तिनं तो हात गादीवर दाबून धरला. मूठ पुन्हा वर येऊ लागली, तेव्हा तिनं आणखी जोर लावला.

चहा घेऊन आलेल्या आईला, यल्लव्वाला, पोरीच्या पंजाखाली धडपडणारी ती मूठ दारातूनच दिसली.

"हात सोड त्येंचा. दम कोंडलाय."

मग पळापळ झाली. आप्पांचा गळा सुजून हनुवटीला भिडला होता. ऑपरेशनच्या वेळी खांद्यात सोडलेलं पाणी मानेत शिरून श्वासनलिकेवर दाब आला होता. हजारांत एखाद्यालाच असं होतं, डॉक्टर म्हणाले. घशात नळी घालावी लागली, दोन दिवस यंत्रावर ठेवावं लागलं. पूर्णिमा बाहेर बाकावर बसून होती. पाण्याचा दोष डॉक्टरांनी सांगितला होता, तिचा कुणी विचारलाच नव्हता.

आप्पा घरी आले. घसा बसल्यामुळं जन्मात पहिल्यांदा हळू बोलू लागले. येईल त्याला एकच सांगत, "जीव जायला लागलता, पर पोरीनं हात घट्ट धरलता बघा. सोडला न्हाय."

यल्लव्वा ऐकून घेई. पूर्णिमा चहा घेऊन आली की आप्पा कौतुकानं डावा हात पुढं करत. तिला तो धरवत नसे.