दुखत नाही अशी गाठ

पुतळाबाईच्या बोटांवर सगळ्या भावकीचा विश्वास होता आणि तिथंच घात झाला.

देवगाव रंगारीच्या माळावर तिच्या बापाची मेंढरं होती. मेंढी व्याली की तिची कास चाचपून बघायची असते. हे काम बाप स्वतः करायचा नाही, पुतळाला हाक मारायचा. ती उकिडवी बसायची, नजर भलतीकडे लावायची आणि दोन बोटांनी कास दाबत जायची. मेंढीनं लाथ झाडली की समजायचं, दगडी धरतीय. दगडी म्हणजे कास दगडासारखी टणक होण्याचा रोग. दूध नासतं, कोकरू उपाशी मरतं. मग आंबेहळदीचा लेप, तापल्या विटेचा शेक, आणि एवढं करूनही नाहीच उतरली तर आठवडी बाजार. पण गाठ हाताला लागूनही मेंढी ढिम्म उभी राहिली, तर पुतळा हात झटकून उठायची. "दुखत नाय तिला. काय नाय," म्हणायची. बापानं कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मेंढरांच्या बाबतीत तिचं सहसा चुकलं नाही, म्हणून तर माणसाच्या बाबतीत एवढं मोठं चुकलं.

मेंढरं जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली होती. चरायची रानं कुंपणात गेली, राहिलेल्या माळावर प्लॉट पडले. पुतळाबाईच्या नवऱ्यानं, भिकननं, उरलीसुरली मेंढरं विकली आणि औरंगाबादेला येऊन चिकलठाण्याच्या एका कारखान्यात वॉचमनची नोकरी धरली. हातातली काठी तीच राहिली, फक्त समोर मेंढरांच्या जागी ट्रक आले. गारखेड्यात पत्र्याच्या दोन खोल्या झाल्या. पुतळाबाई औषधाच्या बाटल्यांना लेबलं चिकटवायच्या कामाला जाऊ लागली. दिवसभर उभं राहून पाय भरून यायचे, संध्याकाळी पाण्याच्या टाकीसमोर पुन्हा उभं राहायचं. मूलबाळ झालं नव्हतं. त्याबद्दलची बोलणी खाऊन खाऊन तिचे कान किटले होते, आणि हल्ली तर बोलणारेच दमले होते.

त्र्याण्णव सालच्या नवरात्राआधी तिनं रिवाजाप्रमाणे घरातल्या सगळ्या गोधड्या धुतल्या आणि कंबर धरून न्हाणीत बसली. अंगाला साबण लावताना डाव्या छातीवर बोटं थांबली. बोराएवढी गाठ होती. बोटांना काही नवं नव्हतं. त्यांनी आपली सवयीनं गाठ दाबली, सगळ्या बाजूंनी चाचपली. दुखलं नाही. पुतळाबाईनं स्वतःलाही दुसऱ्यांदा विचारलं नाही, पाणी ओतून घेतलं आणि स्वयंपाकाला लागली.

दसरा गेला, दिवाळी गेली. गाठ काही त्रास देत नव्हती. त्रास देणारी माणसं, त्रास देणारे गुडघे, त्रास देणारा मुकादम एवढे होते की बिचाऱ्या गाठीकडे बघायला सवडच नव्हती. भिकनलाही तिनं सांगितलं नाही. काय म्हणून सांगायचं?

गाठ पाहिली ती केसरबाईनं. केसरबाई तिच्याच टेबलावर लेबलं चिकटवायची, गारखेड्यातच मागच्या गल्लीत राहायची. एकदा बाटलीतलं औषध अंगावर सांडलं म्हणून पुतळाबाई मागच्या नळावर चोळी बदलत होती. तिनं हात वर केला, तसा छातीच्या एका जागी कातड्याला खळगा पडला. आतून कुणीतरी दोऱ्यानं ओढून धरल्यासारखा. केसरबाईनं बघितलं आणि हे कधीपासून म्हणून विचारलं. पुतळाबाईनं नेहमीचं उत्तर दिलं, की दुखत नाही. केसरबाईनं तेवढ्यावर सोडलं नाही. घाटीत, म्हणजे सरकारी मोठ्या दवाखान्यात, चल म्हणून ती रोज मागं लागली. रजा, बस, रांग, केसपेपर हे नुसतं ऐकूनच पुतळाबाईला थकवा यायचा. शेवटी ती वैतागून म्हणाली, की आपोआप जिरंल ती, नको मागं लागू.

केसरबाईनं हातातली बाटली खाली ठेवली.

"अठ्ठ्याहत्तरला आमच्या वस्तीत आधी नुसता धूर आला व्हता, पुतळाबाई. कुणाची गंजी पेटली आसंल म्हणलं, इझंल. आच लागली तव्हा उठलो. मग काय ऱ्हायलं व्हतं वाचवायला?"

सहा-सात वर्षं दोघी एका टेबलावर होत्या, पण केसरबाई हे पहिल्यांदा बोलली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या, त्या सालची गोष्ट. त्या साली पुतळाबाईच्या माणसांनी दारं लावून घेतली होती. आग लावायला कुणी गेलं नाही, आणि विझवायलाही गेलं नाही. पुतळाबाई पण आत होती. तिला केसरबाईकडे बघवेना. दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली.

दवाखान्यात तिला डॉक्टरीणबाईंनी तपासलं. त्यांची तपासायची तऱ्हा बघून पुतळाबाईला जरा बरं वाटलं, कारण त्याही नजर खिडकीकडे लावून बोटांनीच बघत होत्या. दोन्ही छात्या बघितल्या, काखेत बोटं खोल घातली. दुखतं का म्हणून विचारलं. पुतळाबाई अगदी हक्कानं म्हणाली, अजिबात नाही.

"तेच मला बरं वाटत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही गाठ सुरुवातीला बहुतेक दुखतच नाही. दुखली असती तर तुम्ही मागंच आला असता ना?"

बापाच्या माळावर शिकलेली एकुलती एक विद्या, तीही उलटी निघाली.

डॉक्टरीणबाई सावकाश सांगत होत्या. छातीतली प्रत्येक गाठ वाईट नसते, बऱ्याचशा साध्याच निघतात. पण कुठली साधी आणि कुठली नाही, हे हातानं ठरवायचं नसतं, सुई घालून आतला कण काढून तपासावा लागतो. वय वाढेल तसा धोका वाढतो. मूल झालेलं नसलं, अंगावर पाजलेलं नसलं, तर थोडा अधिक. एवढं ऐकून पुतळाबाईला हसावं की रडावं कळेना. जन्मभर सासरच्यांनी वांझ म्हणून बोलून घेतलं, आता रोगानंही तेच उणं काढलं. तिचा चेहरा बघून बाई म्हणाल्या, यात तुमचा काही दोष नाही. मग विचारलं, आईला, मावशीला, बहिणीला असलं काही होतं का? पुतळाबाई म्हणाली, आमच्यात नाय कुणाला.

सुईची तपासणी करून ती बाहेर आली आणि बसची वाट बघत रस्त्याकडेच्या लिंबाखाली टेकली. पायाखाली पाला चुरडला गेला आणि त्याचा कडू वास नाकात शिरला. तिला आई आठवली. शेवटच्या वर्षी आईच्या अंगाला हाच वास यायचा. आई लिंबाचा पाला वाटायची, आत कोंडून घ्यायची आणि बाहेर येताना पदर घट्ट ओढून यायची. उष्णता फुटलीय, एवढंच सांगायची. तिनं छाती कुणाला दाखवली नाही, कुणी बघायला मागितली नाही. आई गेली, तेव्हा उष्णतेनं गेली असंच सगळे म्हणाले. पुतळाही तेच म्हणत आली.

गारखेड्याची बस आली. पुतळाबाईनं ती जाऊ दिली. जिवावर आलं होतं, तरी गुडघ्यावर हात देऊन उठली आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली. डॉक्टरीणबाईंना आईचं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि सख्ख्या बहिणी आहेत का विचारलं. एक आहे, धाकटी, बानाबाई, देवगावलाच दिली आहे. तिलाही आणा तपासायला, बाई म्हणाल्या. आईला असलं की लेकींना होतंच असं नाही, पण लेकींनी गाफील राहू नये.

तपासणीत गाठ कॅन्सरची निघाली. भिकनला बोलावून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी दोन रस्ते सांगितले. एक, नुसती गाठ आणि काखेतल्या गाठी काढायच्या, छाती ठेवायची, पण मग मुंबईला राहून कित्येक आठवडे मशीनचा शेक घ्यायचा. तो चुकवायचा नाही, चुकवला तर रोग परत येतो. दुसरा, सगळी छातीच काढायची, ते इथंच होईल. कुठलाही धरला तरी मागून सलाइनमधून औषधं, मग काही वर्षं रोजची गोळी. पुतळाबाईनं एकच विचारलं, जास्त जगायचं कशात? नीट केलं तर दोन्हींत सारखंच, बाई म्हणाल्या. घरी बोला आणि ठरवा, पण फार दिवस लावू नका.

मुंबईत त्यांचं कोण होतं? कुठं राहायचं, भिकनची नोकरी कशी टिकायची? ठरवायला तसं काही नव्हतंच. पण घरी आल्यावर पुतळाबाई चूल न पेटवता तशीच बसून राहिली. मरणाची भीती तिला होती, नाही असं नाही. पण दुसरीच एक गोष्ट मनात रुतली होती, आणि ती मेंढपाळाच्या घरातल्या बाईलाच कळावी अशी होती. कास गेलेल्या मेंढीचं काय करतात, हे तिनं लहानपणापासून बघितलं होतं. तिच्या पाठीवर काव, म्हणजे तांबडी माती, फासायची, म्हणजे बाजाराच्या दिवशी कळपातून ओढायला सोपं जातं. त्यात मेंढी वांझ असली तर विचारच करायचा नाही.

"आवो," ती भिंतीकडे बघत म्हणाली, "कास गेलेली मेंढी आपुन ठिवली का कव्हा?"

भिकन पायातले बूट काढत होता. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि तेवढी हुशारीही नव्हती.

"नाय ठिवली," तो म्हणाला. बराच वेळ त्यानं दुसरा बूट काढलाच नाही. मग म्हणाला, "पर चांगली मेंढरं तरी कुठं ठिवली, पुतळे? समदी इकली. तू तेवढी ऱ्हायलीस."

पुतळाबाई रडली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हा माणूस असं काही बोलला नव्हता. मग भिकननंच चहा टाकला, साखर टाकायला विसरला, आणि तिनं तसाच पिऊन टाकला.

ऑपरेशन झालं ते चौऱ्याण्णवच्या संक्रांतीच्या आठवड्यात. नेमकं त्याच दिवसांत सरकारनं विद्यापीठाच्या नावाचं जाहीर केलं. चौकाचौकांत पोलीस, कुठं दुकानं बंद, कुठं गुलाल, कुठं दबक्या आवाजात अफवा. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, औषध आणायचं तर भिकनला गल्लीबोळांतून जावं लागायचं. तशात केसरबाई गारखेड्यापासून पायी चालत आली. पांढरं लुगडं नेसली होती, पदरात तिळगूळ होता. विद्यापीठाचं नाव पूर्ण बदललं नव्हतं, आधीच्या नावाला बाबासाहेबांचं नुसतं जोडलं होतं. पुतळाबाईनं विचारलं, झालं का तुमच्या मनासारखं? केसरबाई खाटेच्या कडेला टेकली, पाय चोळू लागली. एवढी माणसं गेली, एवढी घरं गेली, आता हसायचं त्राण नाही राहिलं, म्हणाली. मग तिनं पुतळाबाईच्या जिभेवर तीळ ठेवले.

पुढचे महिने कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. रोगापेक्षा औषध जालीम. सलाइन घेतलं की अन्नाची शिसारी, केस पुंजक्यांनी हातात. डावा हात वर जाईना, म्हणून भिंतीवर बोटांनी रोज चढत जायचं, मुंगीसारखं. ओझं त्या हातानं उचलायचं नाही. रस्त्यात बसून राहावं आणि कुणी उठवू नये, असं वाटायचं. एकच गोष्ट तिला बसू देत नव्हती. बाना तपासायला येत नव्हती. दर वेळी निरोप धाडायचा आणि दर वेळी बानाचं उत्तर, खुरपणी हाय, सासू आजारी हाय, आन् मला काय धाड भरलीय?

शेवटी वैशाखाच्या उन्हात, डोक्याला पदर गुंडाळून, पुतळाबाई एकटीच देवगावच्या एसटीत बसली.

बानानं गूळपाणी दिलं आणि तिच्याकडे बघून डोळ्याला पदर लावला. पुतळाबाईनं तिला रडू दिलं नाही. दाराला आतून कडी घातली आणि चोळी काढली. डाव्या बाजूला सपाट कातडं होतं आणि काखेपर्यंत गेलेला व्रण. बानानं मान फिरवली.

"बघ," पुतळाबाई म्हणाली. "आईनं दावलं आसतं, तर मी येळंवर गेले आसते."

बाना बघत राहिली. मग तिनं आपली चोळी सोडली. पुतळाबाई तिच्यापुढं बसली आणि तिनं हात पुढं केला. दोन बोटं. उजवी बाजू झाली. डावी निम्मी झाली. मग बोटं एका जागी थांबली, पुढं गेली, पुन्हा मागं आली. हरभऱ्याएवढीच होती. साधी असेल, नसेल. हे हातानं ठरवायचं नसतं. पुतळाबाईला एकदम सगळ्या रांगा, सगळ्या बसगाड्या, सगळी सलाइनं डोळ्यांपुढं दिसली, आणि वाटलं, इथंच या गार जमिनीवर अंग टाकावं.

बाना तिच्या तोंडाकडे बघत होती.

"पर आक्का," ती म्हणाली, "मला तर काय दुखत नाय गं."

"म्हणूनच," पुतळाबाई म्हणाली, आणि खाटेखाली चपला शोधू लागली.