गोठ्याची नोंद

इंद्रलोक कॉलनीतल्या आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी दर रविवारी टेप आणि नवा डिजिटल कॅमेरा घेऊन खाडीकडच्या गावांत जायचे. शेतांची जुनी नावं विचारायचे, गोठे मापायचे. परत आले की जिन्यात गाठून सांगायचे, "जपायला हवं हो, जपायला हवं!" प्रत्येक गोष्ट दोनदा, एकदा आपल्यासाठी, एकदा इतिहासासाठी.

आमच्या कंपाउंडला लागूनच गावातल्या एका आजींचा म्हशींचा गोठा होता. तो मात्र त्यांनी कधी मापला नाही, कारण त्याचा वास थेट त्यांच्या बेडरूममध्ये यायचा. "माश्या हो, माश्या!" म्हणत त्यांनी घरोघरी फिरून सह्या गोळा केल्या, पालिकेकडे तक्रार दिली, आणि एका सकाळी गोठा तुटला.

संध्याकाळी सेक्रेटरी साहेब कॅमेरा घेऊन ढिगाऱ्यावर हजर. "आजी, तुमच्या गोठ्याची नोंद राहूनच गेली हो. जरा इथे उभ्या राहता का?"

आजी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "काढ बाबा फोटू. फोटूला वास न्हाय येत."

"अस्सल बोली हो, अस्सल बोली!" म्हणत त्यांनी तेही लिहून घेतलं.