रिकाम्या खुर्चीचा नियम

फ्रुमाबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं. मला नीट जमेल असं वाटत नाही, पण तिला ओळखणारे आता फारसे उरले नाहीत.

इस्रायलमधल्या आमच्या किबुत्झच्या, म्हणजे सगळं सामाईक असलेल्या शेतवस्तीच्या, धुलाईघरात तिने जन्म काढला. सदऱ्याचं बटण तुटलंय हे घालणाऱ्याच्या आधी तिला कळे. महायुद्धाआधी ती पोलंडहून आली तेव्हा सोबत लहानगा भाऊ होता, गेदल्या. बाकीचं घर तिकडेच संपलं.

एकावन्न साली आमचा किबुत्झ फुटला. पंतप्रधान बेन-गुरियन म्हणत, आता आपलं राज्य झालं. सैन्य एकच हवं, शाळाही एकच. फ्रुमाला ते पटलं. पण गेदल्या किबुत्झवाल्यांच्या ज्या दलातून लढला, ते बेन-गुरियननीच मोडलं होतं. त्याला तो कामगारांचा विश्वासघात वाटला. तो विरोधी गटाचा पुढारी ताबेन्किन याच्या माणसांबरोबर ओढ्यापलीकडे नव्या वस्तीत गेला. जाताना बहिणीला ‘बेन-गुरियनची मोलकरीण’ म्हणाला. त्यानंतर तीस वर्षं बोलणं नाही. त्याचा ट्रॅक्टर दिसला की ती वाळलेले कपडेही पुन्हा वाळत घालू लागे.

दोन्ही पुढारी वारले. मग दोन्हीकडच्या किबुत्झ-संघटना एक झाल्या आणि त्या वर्षी सुगीच्या सणाचं जेवण आमच्या भोजनगृहात एकत्र ठरलं. गेदल्याला हृदयाचा झटका येऊन गेल्याचं फ्रुमाच्या कानावर होतं. मी तिला म्हटलं, सरळ जाऊन भेट. तर म्हणाली, “मी का? शिवी त्याने दिली.”

आमच्याकडे जागा निवडायची नसते. येईल त्याने पुढच्या रिकाम्या खुर्चीवर बसायचं; टेबल भरलं की दुसरं. ओळखीपाळखीचे घोळके होऊ नयेत म्हणून पहिल्या पिढीने घातलेला नियम.

फ्रुमा दाराशी उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला पुढे धाडत होती. गेदल्या आला, दमत दमत, तिच्याकडे न बघता आत गेला. ती त्याच्या मागोमाग जायला वळली. पण तेवढ्यात मीच त्याच्या मागे पोचलो होतो. तिचा चेहरा पडला. मी वाकून बुटाची नाडी बांधू लागलो. पायात चपला आहेत, हे नंतर लक्षात आलं.

ती त्याच्या शेजारी बसली, मी तिच्या.

“मीठ दे,” तो म्हणाला.

“डॉक्टरने बंद केलंय ना?”

“तुला कुणी सांगितलं?”

“ओढा आहे मधे, समुद्र नाही.”

तो चीज चघळत राहिला. “तरी बेन-गुरियन चुकलाच.”

“चुकला असेल. काकडी घे.”

ती असं कबूल करील, यावर माझा विश्वास बसेना. गेदल्याचाही बसला नसावा. त्याने काकडी घेतली, हातात तशीच धरली. मग खालच्या आवाजात विचारलं, “आईचा चेहरा तुला आठवतो का गं? मला नाही आठवत.”

“आठवतो,” फ्रुमा म्हणाली. “जेव आधी. सगळं सांगते.”