वरची कोथिंबीर

चिंचपोकळीला आमच्या चाळीखाली मालन परब भाजी विकते. पावशेर भेंडी घ्या, वर चार काड्या कोथिंबीर ती न मागता टाकणार. ‘पचनाला बरी, डोळ्यांना बरी,’ हे तिचं ठरलेलं पालुपद.

तिच्या नवऱ्याच्या, लवूच्या, किडन्या गेल्या आणि डायलिसिस सुरू झालं. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने मोबाइलवरचं ज्ञान पाजळलं: कोथिंबिरीच्या रसाने किडनी धुऊन निघते. असल्या दीडशहाण्यांना फुकट कोथिंबीर द्यावीच कशाला, असं माझं तेव्हापासूनचं मत. पण बुडत्याला काडीचा आधार. मालन रोज सकाळी जुडी वाटून तांब्याभर रस काढू लागली. लवू मुकाट्याने प्यायचा.

एका रविवारी त्याला उठवेना, श्वास पुरेना. शेजारच्या गंगाधरने टॅक्सीत घालून त्याला परळच्या इस्पितळात नेलं. तो वाचला, पण थोडक्यात.

“कोथिंबीर वाईट नाही हो,” डॉक्टरीणबाई मालनला म्हणाल्या. “मीठ कमी केलंत की चवीला तीच कामी येते. चिमूटभर चिरून घाला. पण रोज तांब्याभर रस? त्यातलं पोटॅशियम आणि एवढं पाणी धडधाकट किडनी बाहेर टाकते. यांची टाकत नाही.”

मालनने त्या दिवसापासून कोथिंबिरीला हात लावला नाही. गिऱ्हाइकं कुरकुरली, काही पलीकडच्या गाडीवर गेली. घरात अळणी भात लवूच्या घशाखाली उतरेना. त्याच्या गळ्याची हाडं वर आली. असंच चाललं तर अंगात काही उरणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

एका दुपारी मी त्यांच्याकडे बसले होते. लवूने ताट सरकवलं.

“वर वायच कोथमीर घाल गो.”

“नाय. माझ्याच हातान मारलंय असतंय मी तुमका.” मालन रडायलाच लागली.

लवू म्हणाला, “माका ठावक होता. सिस्टरनं डायलिसिसच्या पयल्याच दिवशी सांगल्यान, रस-बिस कायएक पियाचो नाय.”

मालनचं रडणं थांबलं. “मगे कित्याक पियालात?”

“तू इतक्या आशेन वाटायचस. तुझ्या तोंडार नको म्हणाक जमला नाय.”

मला वाटलं, आता ही त्याच्या गळ्यात पडेल. कसली पडते! ती अशी भडकली की गॅलरीतली माणसं दारात आली. मी एवढी वर्षं शेजारी राहते, तिचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. ओरडून ओरडून दमली, तशी खाली गेली, पलीकडच्या गाडीवरून चार काड्या आणल्या, चिमूटभर चिरून भातावर घातल्या आणि ताट त्याच्यापुढे आदळलं.

लवू खाली मान घालून जेवू लागला. अर्धा भात संपेपर्यंत ती कमरेवर हात ठेवून उभीच होती.

“ह्याच्यापुढे नको असला तर नको म्हणाचा,” ती म्हणाली. “माका वायट वाटात. वाटांदे. तुमी जिते र्‍हवाक व्हये.”