छोटीला सगळं ऐकू येतं

छोटी चाळिशी ओलांडलेली बाई होती आणि थोरल्या भावापेक्षा चांगली वीतभर उंच होती, पण घरात तिचं नाव छोटी पडलं ते पडलंच. वडिलांच्या मागे दोघा भावंडांनी फोटो-फ्रेमचं दुकान चालवलं होतं. दादा गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी बोलायचा, काच कापायचं काम छोटीचं. हिऱ्याच्या कलमाने काचेवर एकच रेघ ओढायची, टेबलाच्या कडेवर धरून हलका दाब द्यायचा, की टक् करून दोन तुकडे. रेघ दुसऱ्यांदा ओढावी लागली तर ती दिवसभर स्वतःवर चिडलेली असायची. लग्न जमता जमता राहिलं, मग तिनेच तो विषय बंद केला. दुकानाच्या वर दादा-वहिनींचं घर, त्याच्याही वर गच्चीलगत तिची खोली. कोणाच्या अध्यात ना मध्यात असं तिचं बरं चाललं होतं.

सुरुवात उजव्या खांद्यापासून झाली. एका सकाळी चहाचा कप उचलताना खांदा आपोआप उडाला. चहा सांडला, वहिनी हसली, तीही हसली. पण मग तो दिवसातून कितीतरी वेळा उडू लागला, पुढे मानेलाही हिसके बसू लागले. काच कापताना ती कोपर अंगाशी घट्ट दाबून धरायची. एक दिवस एका ब्यूटी पार्लरचा भला मोठा आरसा तिच्यापुढे होता, तेव्हा कलम सरकलं आणि रेघ भलतीकडेच गेली. आरसा वाया गेला. दुसऱ्या दिवशी ती खाली आली तर काचेच्या टेबलाशी बाहेरून आणलेला एक कारागीर उभा होता, आणि गल्ल्याशेजारी तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती. जरा आराम कर, दादा म्हणाला.

खुर्चीवर बसून तिला काही कामच उरलं नाही, उरली ती धास्ती. आता खांदा उडेल, आता समोरचा माणूस बघेल आणि बघितलंच नाही असं दाखवेल. नुसत्या विचाराने छाती धडधडायची, बोटांना मुंग्या यायच्या. अशाच एका दुपारी दुकानात माणसं असताना ती खुर्चीवरून खाली कोसळली. हातपाय ताडताड आपटू लागले, पाठ कमानीसारखी वाकली, डोळे घट्ट मिटले. शुद्ध गेली, असं सगळ्यांना वाटलं.

शुद्ध पूर्ण गेली नव्हती. आपण विहिरीच्या तळाशी पडलोय आणि काठावरच्या माणसांचं बोलणं खाली येतंय, असं तिला वाटत होतं. कोणी म्हणालं फिट आहे, कोणी म्हणालं पाणी मारा. तिला बोट हलवायचं होतं, पण शरीर तिचं ऐकत नव्हतं. ते आपल्याच नादात होतं.

मग दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या. डोक्याचा स्कॅन झाला, रक्त तपासून झालं. फिटच्या गोळ्यांनी झोप येई, झटके थांबेनात. रिपोर्ट सगळे नॉर्मल. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पुढे त्याच शब्दाने छोटीचा घात केला. सगळं नॉर्मल आहे तर हिला होतंय तरी काय?

वहिनी वाईट नव्हती. झटका आला की धावत येऊन डोक्याखाली उशी सरकवणारी तीच होती. पण एकदा छोटी जमिनीवर असताना ती कारागिराला म्हणाली, "घाबरू नका. माणसं जमली की हिचं वाढतं. बघायला कोणी नसलं की थांबतं आपोआप." मग दादाकडे वळून तिने विचारलं, "खरं की नाही, तुम्हीच सांगा."

विहिरीच्या तळाशी छोटी दादाच्या उत्तराची वाट बघत राहिली. दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सरका जरा, वारा येऊ द्या तिला."

उठल्यावर ती वहिनीच्या हातचं पाणी निमूटपणे प्यायली. ऐकलं, असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर शुद्धीवर होतीस की मग, असं झालं असतं. आपण मुद्दाम तर करत नाही ना, हा किडा तिच्याच डोक्यात वळवळत होता. खोलीत एकटी असतानाही तिला झटके यायचे. एकदा पलंगाच्या लोखंडी पायावर आपटून दंड काळानिळा झाला. तो झटका कोणी पाहिला असता तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं आणि त्या विचाराची तिला लाज वाटली. तिने लांब बाह्यांचा झगा घातला आणि कोणाला काही सांगितलं नाही.

हळूहळू ती खाली येईनाशी झाली. आधी दुकान सुटलं, मग रस्ता, मग पंगतीला बसणं. हातातला चमचा उडून ताटावर खणकन आपटला की सगळे जेवता जेवता थांबत. भाची पूर्वी गणितं घेऊन आत्याकडे वर यायची, ती दारातूनच जेवणाचा डबा ठेवून जाऊ लागली. खिडकीतून खालच्या काचेचा टक् असा आवाज यायचा. कारागिराला बरेचदा दोनदा रेघ ओढावी लागते, हे तिला वर बसून कळायचं.

शेवटी कोणीतरी लांबच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या मेंदूच्या डॉक्टर बाईंचं नाव सुचवलं. दादा सोबत आला, पण बाहेरच्या बाकावरच बसून राहिला. डोक्याला वायरी चिकटवून, समोर कॅमेरा लावून तिला तिथे ठेवून घेतलं. झटका आला तो दुसऱ्या दिवशी.

त्यानंतर डॉक्टर बाईंनी तिला डाव्या हाताने आपल्या तालावर टेबल वाजवायला सांगितलं. छोटी वाजवू लागली आणि उजवा खांदा शांत झाला. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"म्हणजे मी नाटकच करते," ती म्हणाली.

"नाटक करणाऱ्याने खांदा मुद्दाम उडवत ठेवला असता," बाई म्हणाल्या. "यातून एवढंच कळतं की तुमच्या मेंदूतल्या वायरी शाबूत आहेत. निरोप मध्येच चुकीच्या घरी जातोय. झटक्याच्या वेळी मेंदूत अपस्माराची वीज दिसली नाही, पण झटका खरा होता. तुम्ही तो आणला नाहीत."

"मला ऐकू येतं तेव्हा."

"अशा झटक्यात पुष्कळांना येतं," बाई म्हणाल्या आणि कागदावर लिहू लागल्या. त्यांना ते नवीन नव्हतं. छोटी मात्र रडली. गोळ्या हळूहळू कमी करायच्या, व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे जायचं आणि धास्तीवर बोलायला समुपदेशकाकडे, असं ठरलं. हे का सुरू झालं, ते बाईंनाही नेमकं सांगता आलं नाही. पूर्ण जाईलच असंही त्या म्हणाल्या नाहीत.

परत आल्यावर एका दुपारी, कारागीर जेवायला गेलेला बघून, छोटी जिना उतरून दुकानात आली. दादा फ्रेमच्या पट्ट्या पुसत होता.

"दादा, मी खाली पडलेली असते ना, तेव्हा मला सगळं ऐकू येतं."

दादाचं फडकं थांबलं. त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिला कळलं, तो मागचं सगळं आठवून बघतोय.

"सगळं?" त्याने विचारलं.

"सगळं. तू गप्प बसलास तेही."

तो पुन्हा पट्टी पुसू लागला. माफी मागणं त्याला कधी जमलंच नव्हतं. पण संध्याकाळपर्यंत ते वहिनीच्या कानावर गेलं असणार, कारण वहिनी डोळे सुजवून जेवण घेऊन स्वतः वर आली आणि मीठ बरोबर आहे ना, असं उगाचच तीनदा विचारून गेली.

व्यायामाने खांदा थोडा ताळ्यावर आला, झटके कमी झाले. फोटोमागे पुठ्ठा बसवायचं काम तिने पुन्हा हाती घेतलं, तिथे काच नव्हती. पण झटका आला की आता भलतीच गोष्ट व्हायची. सगळं दुकान चिडीचूप. कोणी ब्र काढायचं नाही. आपल्या तोंडून काही वावगं जाईल, या भीतीने सगळे तोंडाला कुलूप लावून उभे. विहिरीच्या तळाशी आता काहीच ऐकू येत नव्हतं. आधीचे शब्द टोचायचे, पण ते माणसांचे आवाज तरी होते. इतकं एकटं तिला खोलीतही वाटलं नव्हतं.

"काहीतरी बोलत जा रे," तिने एकदा दादाला सांगितलं.

"काय बोलू?"

"काहीही बोल. दुकानातलं बोल."

पुढच्या वेळी दादा गुडघे धरत तिच्याशेजारी जमिनीवर बसला. घसा खाकरून, एखाद्या सभेत भाषण करायला उभं केल्यासारखा तो बोलू लागला. काल एक गृहस्थ सासऱ्यांचा फोटो फ्रेम करून घेऊन गेले. आज परत आले, म्हणाले, फोटो दुसऱ्याच कोणाचा तरी आहे. मी म्हटलं, तुम्हीच तर आणून दिलात. ते म्हणाले, हो, पण आता भिंतीवर लावल्यावर लक्षात आलं...

तेवढ्यात गल्ल्यावर कोणीतरी हाक मारली. दादा उठून गेला आणि छोटी अर्ध्या गोष्टीसकट तिथेच पडून राहिली. हातपाय हळूहळू शांत झाले. ती भिंतीला टेकून बसली, पदराने तोंड पुसलं. गिऱ्हाईक गेल्यावर दादा परत आला आणि पाण्याचा पेला पुढे केला.

"मग कोणाचा होता फोटो?" तिने विचारलं.

दादा क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. "ते त्यांनाही माहीत नाही," तो म्हणाला. "बायको माहेराहून आली की विचारतो म्हणाले."

छोटी पाणी प्यायली. खांदा एकदा उडाला, थोडं पाणी साडीवर सांडलं. दादाने ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं नाही. मग तो गल्ल्यावर गेला आणि ती पुठ्ठ्यांच्या टेबलाकडे वळली.